व्हाइसच्या नकलेची नोटीस आली त्याची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागेत मशीन व्हाइस, म्हणजे मशिनवर जॉब (घडवायचा तुकडा) घट्ट धरणारा शिकंजा, करणारे आम्ही जे कोण आहोत, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. आतली युक्ती कुणाच्याच बापाची नाही. मिलिंग मशिनवरचा कुठलाही चांगला सहा इंची व्हाइस उघडा. हलत्या जबड्याच्या पोटात एक अर्धगोल बसलेला असतो आणि त्याला तिरक्या तोंडाचा नट ढकलत असतो. स्क्रू आवळला की जबडा पुढं सरकतो आणि त्याच वेळी खालीही दाबला जातो, म्हणून जॉब वर उचलत नाही. ही रचना अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या कर्ट कंपनीनं ‘अँगलॉक’ नावानं जगभर नेली. पेटंट फार तर 20 वर्षं चालतं. या रचनेला त्याहून कितीतरी जास्त वर्षं झाली. तैवानवाले तेच करतात, पंजाबवाले तेच करतात, आम्हीही तेच करतो.

त्यामुळं ‘आमच्या व्हाइसची नक्कल केल्याबद्दल’ अशी वकिलाची नोटीस हातात पडली, तेव्हा दादाला आधी हसूच आलं. “ह्यांनी तरी कुठनं आणलं? आभाळातनं पडलं काय?” नोटीस पाठवणारे परके नव्हते. आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं युनिट. अडीनडीला त्यांच्याकडून आम्ही टॅप आणलेत, त्यांनी आमच्याकडून बेअरिंग नेलीत. नाव मुद्दाम घेत नाही, कारण प्रकरण मिटलंय आणि रोज तोंडं बघायची आहेत.

नोटीस इंग्रजीत, चांगली जाडजूड. मागण्या अशा: विक्री ताबडतोब बंद करा, तयार माल आणि पॅटर्न (ज्यावरून वाळूत साचा पाडतात तो नमुना) आमच्या ताब्यात द्या, लाखांच्या घरातली नुकसानभरपाई द्या, आणि सगळं पंधरा दिवसांत. दादा त्याच रात्री उत्तर लिहायला बसला होता. मी कागद काढून घेतला. रागात लिहिलेलं एखादं वाक्य पुढं कोर्टात आपल्याच गळ्याशी येतं, एवढं मला चेक बाउन्सच्या एका जुन्या केसमुळं माहीत होतं.

चन्नम्मा सर्कलजवळ एका वकीलबाईंचं ऑफिस आहे. त्यांनी नोटीस चाळली आणि पहिलं काय केलं, तर त्यातला डिझाइन नोंदणीचा क्रमांक घेऊन ऑनलाइन शोध लावला. नोंदणी खरी होती. कोलकात्याच्या पेटंट कार्यालयाची, औजारांच्या आठव्या वर्गातली, मुदत शाबूत. डिझाइनची नोंद आधी 10 वर्षं चालते, वर आणखी 5 वर्षं वाढवून मिळते. सोबत व्हाइसचे फोटो होते: समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून. प्रत्येक फोटोखाली एकच मजकूर, आणि तो बाईंनी आम्हाला दोनदा वाचून दाखवला. नावीन्य या वस्तूच्या आकारात आहे. यंत्राच्या कुठल्याही क्रियेवर किंवा बांधणीच्या तत्त्वावर या नोंदणीनं हक्क सांगितलेला नाही.

म्हणजे अर्धगोल, तिरका नट, स्क्रू हे सगळं वादाच्या बाहेर. भांडण फक्त बाहेरच्या अंगाचं. बॉडीच्या बाजूला तीन उभ्या रिबा, म्हणजे बाहेर उठलेल्या पट्ट्या, मागच्या बाजूला उतरता खांदा, आणि दोन्ही जिथं मिळतात तिथली गोलाई. दादा म्हणाला, “एवढ्यासाठी?” बाई म्हणाल्या, “एवढ्यासाठीच. तुमचा व्हाइस कसा चालतो त्याच्याशी 2000 सालच्या डिझाइन कायद्याला देणंघेणं नाही. तो दिसतो कसा, एवढंच बघायचं.”

नोटिशीत आणखी एक मुद्दा होता, ड्रॉइंगवरच्या कॉपीराइटचा. तो बाईंनी तिथंच बाजूला सारला. नोंदवता येण्याजोगं डिझाइन नोंदवलं नाही आणि त्यावरून पन्नासहून जास्त नग कारखान्यात काढले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो; आणि नोंदवलं असेल तर कॉपीराइट मुळातच उरत नाही. दोन्हीकडून ते दार बंद.

आता आमच्या धंद्यातला माणूस नक्कल कशी ओळखतो ते सांगतो, कारण मला स्वतःला यातला हाच भाग सगळ्यात रंगतदार वाटला. दुसऱ्याचा व्हाइस विकत आणायचा, सुटा करायचा, बॉडीवर थोडं पुटिंग लावायचं आणि तीच बॉडी पॅटर्न म्हणून वाळूत दाबायची, हा नकलेचा सगळ्यात स्वस्त मार्ग. पण लोखंड थंड होताना आवळतं. करड्या बिडाचं आकुंचन साधारण एक टक्का धरतात, मीटरला दहा मिलिमीटर. पॅटर्न करणारा म्हणूनच नेहमीची पट्टी वापरत नाही, त्याची पट्टी त्या हिशेबानं ताणलेली असते. कास्टिंगवरूनच कास्टिंग काढलं तर हा एक टक्का दुसऱ्यांदा जातो. चारशे मिलिमीटरची बॉडी चार मिलिमीटरनं आखूड निघते. जिथं मशीन लागतं ती मापं जुळवून घेता येतात, जबडा सगळेच दीडशेला बसवतात. पण जिथं मशीन लागत नाही, तिथं चोरी लपत नाही. रिबेची जाडी, दोन रिबांमधलं अंतर, खांद्याची लांबी, पार्टिंग लाइनची, म्हणजे साच्याचे दोन भाग मिळतात त्या रेघेची, उंची.

तर आम्ही त्यांचा एक व्हाइस डीलरकडून रीतसर बिल घेऊन आणला आणि आमच्या शेजारी सरफेस प्लेटवर ठेवला. रंग खरवडला. हाइट गेज, व्हर्निअर, रेडियस गेज. मी माप सांगतोय, दादा वहीत लिहितोय. आमचा नग त्यांच्यावरून काढलेला असता तर सगळी मापं एकसारखी एक टक्क्यानं कमी यायला हवी होती. तशी आली नाहीत. बॉडी आमची लांब, खांदा आमचा आखूड, उंची जवळपास सारखी. दादा एकदम खूश. पण रिबांपाशी आलो आणि गप्प झालो. जाडी तीच, उतार तोच, आणि मुळाशी असलेल्या गोलाईत रेडियस गेजचं तेच पान दोन्हीकडं चपखल बसलं.

आमचे पॅटर्न करणारे मिस्त्री मामा अनगोळला राहतात. वय सत्तरीकडं झुकलेलं, पण सागवानावर पटाशी चालवताना हात थरथरत नाही. त्यांना बोलावलं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही बॉड्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “दोन्ही माझीच की रे पोरा. ह्यात काय बघायलायस?”

झालं होतं असं. त्यांनी मामांना ड्रॉइंग दिलं होतं ते मशिनिंगचं. जबड्याची रुंदी, बेडची उंची, टी-स्लॉटच्या चावीची खाच. आम्हीही तसलंच दिलं होतं. बाजूला रिबा किती, कशा, खांदा कुठून उतरवायचा, हे कुणीच काढून दिलं नव्हतं. ते मामांनी आपल्या हातानं भरलं. मामांकडं रिबांचे पत्र्याचे फर्मे आहेत, खिळ्याला टांगलेले, काळे पडलेले. जो येईल त्याच्या पॅटर्नला तेच फर्मे लागतात. एका आईची लेकरं जशी वेगवेगळ्या घरी दत्तक जावीत, तसे आमचे व्हाइस.

हे सगळं घेऊन आम्ही उड्या मारत वकीलबाईंकडं गेलो. वही दाखवली, आकुंचनाचा हिशेब समजावला. बाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “छान आहे, पण कोर्टात याचा उपयोग नाही.” नोंदलेल्या डिझाइनच्या खटल्यात तुम्ही समोरच्याचा नग बघून केला की स्वप्नात बघून केला, हा प्रश्नच येत नाही. दोन्ही शेजारी ठेवायचे आणि डोळ्यांना सारखे दिसतात का ते बघायचं. डोळा हेच गेज. आणि मामांच्या हातचं म्हणाल, तर कायद्यानं पैसे देऊन ज्यानं करून घेतलं तो डिझाइनचा मालक. मामांनी त्यांचा पॅटर्न आधी केला असेल, तर मामांची साक्ष आपल्याच विरुद्ध जाईल.

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझाही झाला असणार.

मग बाईंनी खरा प्रश्न विचारला. “त्यांनी अर्ज केला त्या तारखेच्या आधी हा आकार बाजारात कुणाचाही होता का? त्यांचा स्वतःचा असला तरी चालेल.” डिझाइन नोंदवायचं तर ते अर्जाच्या दिवशी नवं असावं लागतं. त्याआधी जगात कुठंही छापून आलेलं किंवा विकलेलं असेल, तर नोंदणी रद्द होऊ शकते, आणि तोच खटल्यात बचावही होतो.

मामांना विचारलं. मामा म्हणाले, “हे फर्मे काय ह्यांच्यासाठी केलेले न्हवं. त्याच्या लई आधी मच्छेला एक पार्टी होती, ड्रिल व्हाइस करायची. आता बंद पडली.” बंद पडलेल्या युनिटचा व्हाइस शोधणं म्हणजे काय असतं ते करणाऱ्यालाच कळतं. भंगारवाल्यांकडं फिरलो, आयटीआयच्या वर्कशॉपात डोकावलो, खानापूरच्या गॅरेजांत जाऊन ड्रिल मशिनखाली वाकून बघितलं. नग दोन-तीन मिळाले, पण नगावर तारीख नसते. कोर्टाला तारीख लागते.

तारीख मिळाली ती कोल्हापुरात. शिरोली एमआयडीसीच्या एका जुन्या डीलरकडं फाइलमध्ये त्या पार्टीची किंमतपत्रिका होती, पंच करून नीट लावलेली. वर व्हाइसचा फोटो, तीन उभ्या रिबा स्पष्ट दिसतायत, आणि खाली ‘या तारखेपासून लागू’ म्हणून दर. तारीख समोरच्यांच्या अर्जाच्या कितीतरी आधीची. त्याच फाइलीत व्हॅटच्या काळातलं एक बिलही निघालं, म्हणजे 2017 च्या जुलैत जीएसटी आला त्याच्या आधीचं. डीलरनं झेरॉक्स दिली, अस्सल आपल्याकडंच ठेवली, आणि गरज पडली तर येऊन सांगेन म्हणाला. अशी माणसं या धंद्यात अजून आहेत.

दरम्यान बाईंनी दोन कामं उरकली होती. नोटिशीला मोजकं, थंड उत्तर. आणि जिल्हा न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे आम्हाला न ऐकता परस्पर मनाई हुकूम घेता येऊ नये. कॅव्हेट 90 दिवस टिकतं, पुन्हा घालावं लागतं.

पुढं आमच्याकडं समन्स येईल असं वाटत होतं. आला जिल्हा कायदेसेवा प्राधिकरणाचा कागद, मध्यस्थीसाठी हजर राहा म्हणून. व्यापारी स्वरूपाच्या दाव्यात तातडीचा हुकूम मागायचा नसेल, तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते. व्यापारी न्यायालय कायद्याचं कलम 12-अ. ते ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये ठरवून टाकलं. समोरच्यांना तातडी दाखवणं अवघड होतं, कारण आमचा व्हाइस ते बरेच दिवस बाजारात बघत होते. जायचं की नाही हे आमच्यावर होतं. नाही गेलो तर तसा अहवाल जातो आणि दावा लागतो. बाई म्हणाल्या, जाऊया. फी दोघांनी निम्मी निम्मी भरायची असते, ती भरली.

मध्यस्थ वकील होते, वयस्कर. त्यांच्याशी समोरचे मालक कन्नडमध्ये बोलायचे, आम्ही मराठीत, कागद इंग्रजीत. बेळगावात यात कुणाला काही वाटत नाही. अडलंच कुठं तर तिन्ही भाषांची भेळ. मध्यस्थांनी सुरुवातीलाच सांगितलं की इथलं बोलणं इथंच राहणार, उद्या कोर्टात वापरता येणार नाही. म्हणून मीही इथं बेतानंच सांगतोय.

पहिली बैठक कोरडी गेली. त्यांच्या वकिलांनी प्रमाणपत्र ठेवलं, आमच्या बाईंनी किंमतपत्रिका. त्यांनी लगेच बोट ठेवलं: या फोटोत बाजू दिसते, मागचा खांदा दिसत नाही, शिवाय हा ड्रिल व्हाइस, आमचा मिलिंगचा. मुद्दा खोटा नव्हता. रिबा जुन्या ठरल्या तरी रिबा आणि खांदा मिळून आकार नवा आहे, असं ते म्हणू शकत होते. आम्हीही बाहेर येऊन आपसात कबूल केलं की निकाल कुणीकडंही जाईल.

बाईंनी मग वाट कुठं जाते ते दोन्हीकडच्यांसमोर मांडलं. दावा जिल्हा न्यायालयात लागेल. आम्ही ‘नोंदणीच रद्द होण्याजोगी’ असा बचाव घेतला की तो दावा उच्च न्यायालयाकडं वर्ग होतो, म्हणजे धारवाड खंडपीठ. नोंदणी रद्द करायचा अर्ज वेगळा, तो कोलकात्याला. धारवाडला तरी सकाळी निघून संध्याकाळी परतता येतं. पण ज्या व्हाइसचा एक नग पंचेचाळीस हजारांनाही पडत नाही, त्याच्या तीन रिबांसाठी हे सगळं कोण करणार? हा शेवटचा प्रश्न बाईंनी विचारला नव्हता, तो समोरच्या मालकांच्या तोंडावर दिसत होता.

दुसऱ्या बैठकीला मालक पिशवी घेऊन आले. पिशवीतून त्यांनी एक हलता जबडा काढला आणि टेबलावर ठेवला. मधोमध तडा गेलेला.

“हा कुणाचा?”

मी उलटा करून बघितला. आतल्या बाजूला फौंड्रीचा आमचा हीट नंबर, म्हणजे ओतलेल्या घाणीचा क्रमांक, होता. “आमचा.”

“मग गिऱ्हाईक माझ्याकडं का घेऊन येतंय?”

हुबळीच्या एका गिऱ्हाइकानं आमचा व्हाइस त्यांचा समजून परत आणला होता आणि बदलून द्या म्हणून डीलरसमोर दंगा केला होता. डीलर दोघांचा माल ठेवतो. दोघांचा रंग तोच हिरवा, पुढं चिकटवलेली नावाची पट्टी कूलंटमध्ये महिन्याभरात सुटते. एकदा सुटली की तो व्हाइस कुणाचा हे सांगायला फक्त आकार उरतो, आणि आकार मामांचा. मालकांनी बदलून दिला होता, पदरचे पैसे घालून, डीलर तुटू नये म्हणून. आणि असं पहिल्यांदाच झालं नव्हतं.

जबडा मी परत हातात घेतला. स्क्रूच्या बाजूच्या कडेवर हातोड्याचे वण होते, अर्धचंद्रासारखे, एकाशेजारी एक. कुणीतरी हँडलला पाइप लावून आवळलं होतं आणि वरून ठोकलंही होतं. मी वण दाखवले. मालकांनी वाकून बघितलं, अंगठ्यानं चाचपले आणि म्हणाले, “होय की. माझाबी असाच फुटला असता.” खोलीतली हवा तिथं बदलली. दोन मशिनवाले फुटक्या कास्टिंगवर बोलायला लागले की वकिलांना काही काम उरत नाही. मध्यस्थांनी चहा मागवला.

त्यांना खरं दुखणं रिबांचं नव्हतंच. डिझाइनचं प्रमाणपत्र त्यांच्या हातात होतं म्हणून नोटीस त्या वाटेनं आली, एवढंच. हे पहिल्याच दिवशी आमच्या शेडमध्ये येऊन म्हणाले असते तर, असं दादा अजून म्हणतो. मला तसं वाटत नाही. आले असते तर दादानंच त्यांना वाटेला लावलं असतं.

तडजोडीत ठरलं ते थोडक्यात असं. आमचा रंग बदलायचा, हिरव्याचा करडा. बॉडीच्या बाजूला आमचं नाव कास्टिंगमध्येच उठावाच्या अक्षरांत आणायचं, चिकटवायचं नाही. नाव बसायला जागा हवी म्हणून मधली रीब काढायची. फौंड्रीत पडलेली जुनी कास्टिंग ठरलेल्या मुदतीत रंग बदलून विकायला मोकळीक. आम्ही त्यांच्या नोंदणीच्या वाटेला जायचं नाही, त्यांनी भरपाई सोडायची. कुणी कुणाची चूक मान्य केलेली नाही. अशा तडजोडीला लवादाच्या निवाड्याइतकी ताकद असते, त्यामुळं सह्या करताना बाईंनी ओळ न ओळ वाचायला लावली.

नाव कुठल्या लिपीत, यावर मात्र आमच्या घरातच एक बैठक झाली. शेडच्या पाटीवर कन्नड आहे, तो नियमच आहे. आईचं म्हणणं व्हाइसवर तरी मराठी घाला. मामांनी नाक मुरडलं. वाळूत शिरोरेषा धरत नाही, वेलांट्या तुटतात, पॅटर्न उचलताना वाळू सोबत येते. शेवटी इंग्रजी अक्षरं, जाड, चांगला टेपर दिलेली, पितळेची, पॅटर्नवर स्क्रूनं बसवलेली. पहिल्या साच्यात एक अक्षर तरीही अर्धंच आलं. टेपर वाढवल्यावर जमलं.

नव्या बाजूचा आकार आम्ही एकही नग विकण्याआधी नोंदणीला टाकला. लहान उद्योगाला अर्जाची फी हजार रुपये आहे. ज्यांना वाटतं हे मोठ्या कंपन्यांचं काम, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

एक अट मात्र कागदावर आली नाही. समोरच्या मालकांना हवं होतं की मामांनी यापुढं आमचं काम करू नये. मध्यस्थांनी सांगितलं, जो माणूस या प्रकरणात पक्षकारच नाही त्याच्यावर तुम्ही दोघं मिळून अट कशी घालणार? मालकांनी मग स्वतः अनगोळला जाऊन मामांना विचारलं. मामांनी ऐकून घेतलं, फर्मे खिळ्यावरून काढून कपाटात ठेवले, आणि दोघांसाठीही दर वाढवला. रिबांचे पैसे आता वेगळे पडतात.